पोट टेकलं तर माघारी

आमच्या गाडीखालून मांजर जाताना मान खाली घालायची. कोंबड्या तर त्या वाटेला जातच नसत, वळसा घालून जायच्या. गाडी जमिनीपासून किती वर आहे असं कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगायचो.

हे मी मुद्दाम करून घेतलं होतं. सणसवाडीच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. आठवडाभर लोकांची बिघडलेली मशीनं दुरुस्त करायची आणि सुट्टीला स्वतःची चांगली गाडी बिघडवायची, असा माझा क्रम. धड चालणाऱ्या गाडीच्या चारी स्प्रिंगा कापल्या आणि ती खाली बसवली. का? तर दिसायला भारी दिसते. रस्त्याला चिकटून चालते. चिकटून म्हणजे कधीकधी खरोखरच चिकटून.

बहीण दौंडला दिली आहे. मागे एकदा तिला भेटायला गेलो, तेव्हा तिच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरवर गाडी पोटावर बसली. पुढं जाईना, मागं येईना. भाजीवाला, दोन शाळामास्तर आणि आमचे दाजी, अशा सगळ्यांनी मिळून ती उचलून काढली. बहिणीच्या सासूबाई, ज्यांना मी मावशी म्हणतो, ओट्यावरून हे सगळं बघत होत्या. गाडी दारात आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "पाव्हनं, गाडी आनलीया का घोरपड?"

तेव्हापासून दौंडात माझी ओळख घोरपडवाले पाहुणे अशी झाली.

पुढं बहिणीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. भाऊ मुराळी होऊन जातो आणि बहिणीला घेऊन येतो. इकडं आमच्या गावी, निमोण्यात, आईची तयारी कधीच सुरू झाली होती. खोलीला रंग दिला होता, डिंक आणि अळीव आणून ठेवले होते, पाळण्याच्या कडीला मला लोंबकळायला लावून तीही तपासून घेतली होती. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला परवानगी दिली होती. फक्त दणके नकोत म्हणाल्या होत्या.

मी मावशींना फोन लावला. "मावशी, येत्या रविवारी येतो न्यायला."

"या की. पन गाडी दुसरी आना."

कुठल्याही शहाण्या माणसानं 'बरं' म्हटलं असतं. गावात चार उंच गाड्या होत्या, कुणीही एक दिली असती. पण मला घोरपड आठवली आणि जीभ सुटली. "मावशी, हीच गाडी आणणार. स्पीडब्रेकर आला की ती स्वतः उठून उभी राहील."

"आन् न्हाई उठली तर?"

"तर बहिणीला माघारी घेऊन जा."

"ठरलं. वाटंत एकदा जरी पोट टेकलं, तर पोर माघारी. बाळातपन हितंच, दौंडात. आन् मी स्वता बसनार हाय गाडीत, बगायला."

फोन बहिणीकडं गेला. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, काय बोलून बसलास तू? मला घरी यायचंय रे." माझ्या गाडीत तेव्हा उठून उभं राहण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे मागचं वायपर.

आईला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी उचलतीया का न्हाई ते मला ठाव न्हाई. पोर घरी आली न्हाई, तर तुला उचलून कालव्यात टाकीन."

शिरूरला माझ्या मित्राचं गॅरेज आहे. तिथं कामाला लागलो. बेत साधा होता. भंगारात एका मशीनखालचे दोन रबरी फुगे मिळाले होते. हवा भरली की ते मेदूवड्यासारखे टरारून फुगायचे. पुढच्या दोन्ही शॉकअपच्या डोक्यावर एकेक फुगा बसवायचा. डिकीत जुन्या ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी ठेवायची. ती भरायला टायरमध्ये हवा मारायचा छोटा कॉम्प्रेसर जोडायचा. टाकीतून पाइप पुढं आणायचा आणि गियरशेजारी एक कॉक लावायचा. कॉक उघडला की फुगे फुगणार, गाडीचं नाक चार बोटं वर येणार आणि इंजिनाखालचा तेलाचा चेंबर वाचणार. ब्रेकर ओलांडला की हवा सोडायची, नाक खाली.

मित्रानं वेल्डिंग केलं. फिटिंग बघून म्हणाला, "दोन चाकांना दोन कॉक लाव. दोन्हीकडची हवा वेगळी ठेव."

"कशाला? वावरात एका कॉकवर अख्खं ठिबक चालतंय. हितं तर दोनच फुगे हायेत. तीन तोंडांचा टी टाकला की दोन्हीकडं सारखी वाटणी."

"हवा म्हंजी पानी न्हाई."

"पाइपातूनच जातंय की दोन्ही."

बायकोच्या माहेरच्यांशी कुणी पैज लावली असती तर त्यानं समजावलं असतं, पण बहिणीच्या सासरच्यांशी पैज लावणाऱ्याला समजावण्यात अर्थ नाही, असं काहीतरी मित्र पुटपुटला. मी घरातल्या ठिबकच्या सामानातून टी काढून आणला होता, तो बसवला. जिथं जिथं सांधा सूं सूं करत होता, तिथं ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळली. आमच्याकडं मोटारीचा पाइप फुटला, फवाऱ्याची नळी गळाली, खाटेचा पाय हलला, तरी इलाज एकच. माणसाचं हाडही आम्ही ट्यूबच्या पट्टीनं बांधलं असतं, पण डॉक्टर ऐकत नाहीत.

मग मळ्यात चाचणी घेतली. पोत्यात माती भरून ब्रेकर केला आणि कॉक फिरवला. गाडीचं नाक असं वर आलं, की गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली. पुन्हा केलं, पुन्हा आलं. चाचणी घेताना गाडीत मी एकटा असायचो. हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा, मी ठेवलं नव्हतं.

रविवारी सकाळी दौंडला पोहोचलो. दाजींची रेल्वेत ड्युटी होती. जाताना ते एवढंच म्हणाले, "आई बसनार हाय शेजारी. सांभाळून." मला वाटलं, ते आईला सांभाळायला सांगतायत.

बहिणीला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. मावशी पुढं बसल्या. "मला रस्ता दिसला पायजे," म्हणाल्या. मावशी अंगानं भरलेल्या. मी म्हणजे पँटला पट्टा नसेल तर खांद्यावरूनच शर्टासारखी घालावी लागेल असा. त्या बसल्या तशी गाडीनं डाव्या अंगाला अदबीनं मान झुकवली. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

पहिलाच ब्रेकर गल्लीच्या तोंडाचा, तोच तो. भाजीवाल्यानं गिऱ्हाईक सोडलं, दोन्ही मास्तर बाहेर आले. उचलायची वेळ आली तर आपण असावं, असा त्यांचा मोठेपणा. मी थांबलो आणि कॉक फिरवला. टाकी काठोकाठ भरलेली होती. नाक वर आलं. पुढची चाकं ओलांडली, खालून आवाज नाही. मागची ओलांडली, तरी आवाज नाही. भाजीवाल्यानं शिट्टी मारली. मी हवा सोडली.

फुस्स्स.

मावशींनी माझ्याकडं बघितलं. "गाडीला ग्यास झालाय व्हय?"

"आत्या, ओवा द्या तिला," मागून बहीण सासूला म्हणाली आणि हसली. मीही हसलो. तो त्या दिवसातला शेवटचा निवांत श्वास.

भीमेचा पूल ओलांडला. पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यांच्या मागून रखडत चाललो. गाव आलं की ब्रेकर, शाळा आली की ब्रेकर, आणि कुणाच्या दारात बुलेटवाला पोरगा जोरात गेला असेल तर तिथंही ब्रेकर. प्रत्येक वेळी थांब, उचल, ओलांड, सोड. कॉम्प्रेसर मागं घरघरत होता, पण टाकी भरण्याच्या आत पुढचा ब्रेकर येत होता. हवा खाली खाली चालली होती.

मग एका गावाच्या वेशीला एकापुढं एक असे दोन आले. मी कॉक उघडला. माझी बाजू वर गेली. आणखी वर गेली. आणि मावशींची बाजू खाली गेली.

म्हणजे नुसती वर आली नाही असं नाही. सकाळी होती त्याहून खाली गेली. जत्रेतल्या फळीच्या झोक्यावर एका टोकाला पैलवान आणि दुसऱ्या टोकाला पोरगं बसावं, तशी गाडी तिरकी उभी राहिली. मी वरून मावशींकडं बघतोय आणि मावशी दाराच्या मुठीला लटकून खालून माझ्याकडं बघतायत. आतापर्यंत मी 'पाव्हनं' होतो, ते तिथं संपलं.

"आरं, कुठं खाली घालतोयस मला!"

मागून मोटारसायकलींचे हॉर्न. मी हवा सोडली, गाडी तशीच मागं घेतली, बाभळीखाली लावली. "इंजिन जरा तापलंय," म्हणालो. बॉनेट उघडलं. आत ठिबकचा टी माझ्याकडं बघून हसत होता. दोन्ही फुगे एकमेकांशी जोडलेले. टाकीत जोर होता तोवर तिनं दोघांनाही उचललं. जोर कमी झाल्यावर जड बाजूचा फुगा दबला आणि त्यातली हवा सरळ हलक्या बाजूला पळाली. मळ्यात मी एकटा होतो, तेव्हा मला हे कळायला गाडीत मावशी नव्हत्या.

आणि हे त्यांना सांगायचं कसं? 'मावशी, तुमच्या वजनानं' असं वाक्य सुरू करून जिवंत राहिलेला मुराळी माझ्या ऐकिवात नाही.

"मावशी, जरा उतरता का खाली?"

"का?"

"जरा हवा लागंल."

"हवा तुझ्या गाडीला लागतीया. मी न्हाई उतरत. उतरले की चाकाखाली दगड घालून काढशील गाडी आन् म्हनशील, उचलली."

मी निमूट पुन्हा बॉनेटात डोकं घातलं. शेतात ठिबकच्या नळीचं टोक बंद करायचं असलं, की नळी दुमडून तारेनं आवळतात. तेच केलं. माझ्या बाजूचा फुगा थोडा फुगवून तेवढाच कोंडून टाकायचा आणि सगळी हवा डावीकडं वळवायची. पाइप कडक होता, नीट दुमडेना. हात पोळले. तार आवळत असताना मावशींनी दार उघडलं आणि पाय बाहेर टाकून बसल्या. मागं बहिणीचा डोळा लागला होता. मावशी तिला ऐकू जाऊ नये एवढ्याच आवाजात बोलल्या.

"तुला वाटत आसंल, ही बाई मुद्दाम छळतीया."

"न्हाई मावशी."

"वाटत आसंल. माझं पयलं असंच गेलं. म्हायेरी निगाले व्हते. वडापची जीप, मागच्या फळीवर बसले व्हते. एका ब्रेकरवर दनका बसला, डोकं टपाला लागलं. चार दिसानी सगळं सपलं. डॉक्टर म्हनला, त्यामुळं न्हाई बाई, ते तसंबी टिकनार नव्हतं. आसंल. त्याला ठाव. पन मला अजून तो दनकाच आठवतो."

माझ्या हातातली तार तशीच राहिली. सकाळपासून माझ्या डोक्यात पैज होती, भाजीवाल्याची शिट्टी होती. आता मागच्या काचेतून बहीण दिसली. एक हात पोटावर, तोंड अर्धवट उघडं, लहानपणी झोपायची तशीच.

"मावशी, मी दुसरी गाडी बोलावतो. गावात फोन करतो."

"आन् ती येस्तवर हिला हितं उनात बसवून ठिवनार? चल, हळू. माझा पाय तुझ्या ब्रेकवर हाय असं समज."

त्यानंतर मी गाडी जशी चालवली, तशी माणसं वरातीतसुद्धा चालवत नाहीत. एक सायकलवाला मला मागं टाकून गेला, जाताना वळून बघून गेला. ब्रेकर आला की मी आधी उतरून खाली वाकून बघायचो, मग डावीकडं हवा भरायचो, मग ओलांडायचो. मावशी खिडकीतून मान बाहेर काढून कान देत होत्या. एकदा खालून टक्क आवाज आला. मी गाडी थांबवली. खडा उडाला होता. मावशींनी माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. "खडा," त्या म्हणाल्या आणि मी पुन्हा गियर टाकला.

डावीकडचा फुगा मात्र गळत होता. ट्यूबच्या पट्टीखालून बारीक सूं ऐकू येत होतं. कॉम्प्रेसरला एवढा वेळ चालायची सवय नव्हती. निमोण्याची पाटी दिसली, त्याच्या जरा अलीकडं जळका वास आला आणि मागची घरघर बंद पडली. फ्यूज उडाला होता. टाकीचा काटा तळाला गेला होता. राहिला फक्त एक ब्रेकर, आमच्या वस्तीच्या वळणावरचा.

आता त्या ब्रेकरची जन्मकथा सांगितलीच पाहिजे. गाडी खाली बसवायच्या आधीची गोष्ट. वस्तीवरून ट्रॅक्टर बेफाम जायचे. आईची एक कोंबडी गेली. तिनं घर डोक्यावर घेतलं, म्हणून आम्ही वस्तीवरच्या पोरांनी स्वतःच ब्रेकर घातला. मोजमाप नाही, विचारणं नाही, नुसता उत्साह. त्यात सगळ्यात मोठा उत्साह माझा. बाकीचे बास म्हणत होते आणि मी, "आजून दोन पाट्या टाका, बैल बसल्यासारखा दिसला पायजे." दिसलाही. गाडी खाली बसवल्यावर मी रोज त्याला चुकवून बांधाच्या कडेनं एक चाक घालून जायचो.

आज बांधाच्या कडेला शेजाऱ्यानं कांद्याला पाणी सोडलं होतं. गुडघाभर चिखल.

मी थांबलो. समोर माझाच बैल बसलेला. त्याच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, आमचं घर. दारात आई हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. तिनं गाडी ओळखली आणि हात वर केला. आमची गाडी तशीच उभी. आईचा हात हळूहळू खाली आला.

"काय झालं?" मावशी.

"हवा संपली."

बहीण जागी झाली होती. तिनं समोरचा ब्रेकर पाहिला, तिरकी गाडी पाहिली, आईला पाहिलं. माझ्याकडं मात्र पाहिलं नाही. म्हणाली, "आत्या, बसून बसून पाय भरून आले. घर तर हितंच हाय. चला ना, दोघी चालत जाऊ."

मावशींनी आधी तिच्याकडं आणि मग ब्रेकरकडं बघितलं. मग दार उघडून उतरल्या. त्या उतरल्या तशी गाडीची डावी बाजू आपोआप, आळस द्यावा तशी, वर आली.

मावशी गर्रकन वळल्या. गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"म्हंजी माझ्यामुळं व्हय रं?"

मी स्टीअरिंगवरचा हॉर्न पुसत बसलो.

"मगाधरनं सांगता येत नव्हतं?"

"कसं सांगू, मावशी?"

त्यांनी बहिणीला हाताला धरून उतरवलं आणि ब्रेकरच्या पलीकडं नेऊन उभं केलं. मग दोघी वळून उभ्या राहिल्या. मी टाकीच्या तळाला उरलीसुरली हवा डावीकडं दिली. पुढची चाकं सावकाश चढवली. चढली. उतरली. आता मधला भाग, चेंबर. मी पाय ब्रेकवर अलगद ठेवून गाडी केसाकेसानं सोडत होतो.

खर्रर्र.

आवाज लांब नव्हता. पण स्पष्ट होता. आईनंसुद्धा ऐकला असावा. मागची चाकं उतरली, गाडी पलीकडं आली आणि मी इंजिन बंद केलं. काच खाली होती. बहिणीचे डोळे भरले होते. तिचा हात मावशींच्या हातात होता, आणि तो हात त्यांनी असा घट्ट धरला होता की आता सरळ दौंडकडं चालायला लागतील असं वाटलं. शब्द माझाच होता. मी तोंड उघडलं, "मावशी, ठरल्यापरमानं..."

"गप. पोर गाडीत व्हती का आता?"

"न्हाई."

"मग? गाडीचं टेकलं. पोरीचं न्हाई टेकलं." आणि बहिणीला म्हणाल्या, "चल गं. तुजी आई खोळंबलीया."

दोघी पुढं चालू लागल्या. हात मात्र त्यांनी दारापर्यंत सोडला नाही. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि पोरीला कवेत घेतलं. मी गाडी दारात आणून लावली. खालून काळ्या तेलाची धार लागली होती. चेंबर गेला होता. मावशींनी उंबऱ्यातून वळून ते पाहिलं.

"विहीनबाई," त्या आईला म्हणाल्या, "त्या घोरपडीवरनं बी येक तुकडा ओवाळा. लई सोसलंय तिनं."

आईनं खरंच ओवाळला. मी तेलाखाली घमेलं सरकवलं. आत चहाचं आधण चढलं, तसा मीही आत जायला निघालो. मावशी दारातच उभ्या होत्या.

"आदी तो बैल उठीव वाटंवरनं. मंग चा. बाळाला घिऊन जायाला आमी याच वाटंनं येनार हाय."

पहार घेऊन गेलो. ऊन कलेपर्यंत हाणत होतो, टवका निघता निघेना. आयुष्यात एकच काम मी कुठंही ट्यूबची पट्टी न लावता केलं होतं.